गल्ली 'पोचला' म्हणेपर्यंत

माझ्या आवाजाचं मला भारी कौतुक. आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी तोंडावर म्हणायला नको. तालुक्याच्या एका कचेरीत एकतीस वर्षं खिडकीमागं बसलो. त्या एकतीस वर्षांत माझ्याइतके स्वच्छ 'ण' आणि 'ळ' अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कुणी काढले नसतील, असं माझं ठाम मत होतं. रिटायर झालो आणि गावी येऊन राहिलो. गाव जवळा बाजारहून दोन कोसांवर. नाव सांगत नाही, कारण सरपंच अजून तोच आहे आणि रोज चहाला येतो. माझं नाव राधाकृष्ण. गावात सगळे राधाकाका म्हणतात. बायको कालिंदी काय म्हणते ते सांगण्यासारखं नाही.

पण गोष्ट माझी नाही, जाहेदाची आहे. मी मधेमधे येतो तो फक्त माती खायला.

जाहेदाचे वडील जमीलभाई. सायकलच्या हँडलला भोंगा आणि कॅरिअरला बॅटरी बांधून त्यांनी चाळीस वर्षं गावाचा सांगावा सांगितला. उद्या पोलिओचा डोस आहे, परवा ग्रामसभा आहे, कुणाची तरी तांबडी गाय सापडत नाही, हे सगळं जमीलभाईंच्या तोंडून कळायचं. आमच्याकडे दवंडी म्हणत नाहीत, सांगावा म्हणतात. आणि जमीलभाईंच्या सांगाव्याची एक रीत होती. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, सांगायचं ते सांगायचं, मग भोंगा खाली करून थांबायचं. गल्लीतून कुणीतरी 'पोचला!' असं ओरडल्याशिवाय पायडलवर पाय ठेवायचा नाही.

ही रीत पडली ती एका पावसाळ्यात. तलावाचं पाणी सुटणार, ओढ्याकाठची जनावरं वर आणा, असं सांगून जमीलभाई घाईत पुढं गेले. वरच्या वस्तीवर कुणी ऐकलंच नाही. सकाळी सतरा शेळ्या वाहून गेल्या. जमीलभाई तीन दिवस जेवले नाहीत म्हणतात. तेव्हापासून गल्ली बोलेपर्यंत थांबायचं ठरलं. गावात गल्ल्या आणि वस्त्या धरून नऊ. जमीलभाई बोटांवर मोजायचे आणि आठच मोजायचे. नववी गल्ली आमची. आम्ही पांढरपेशे, उंबऱ्यात उभं राहून आरोळ्या मारणं आमच्यात बसत नाही. जमीलभाईंनी दोनचार वेळा थांबून पाहिलं, कुणी ओ दिली नाही, मग ते आमच्या गल्लीतून न थांबताच जायला लागले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

जमीलभाई गेले आणि भोंगा जाहेदाकडं आला. तिला डोंगरकडा गावी दिलं होतं, पण बाप थकला तसं ती नवऱ्याला घेऊन माघारी आली. नवरा अशफाक, रिक्षा चालवतो. दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप. गाव म्हणायचं, दोघांच्या वाट्याचं जाहेदाच बोलते, ह्याला फुरसतच कुठं. तर अशफाकनं रिक्षा चालवायची, मागं जाहेदानं माईक धरायचा. पोरीचा आवाज काही गोड नव्हता. खरखरीत होता, पण आख्खी गल्ली उभी करायचा. ती बोलायची ज्या गल्लीत जशी बोली तसं. मोहल्ल्यात दखनी, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी, वरच्या वस्तीवर तिकडच्या वऱ्हाडी वळणाचं, आणि बाकी ठिकाणी आपलं 'आमी-तुमी'. मी ते ऐकून कपाळाला हात लावायचो.

"धड एक भाषा येत नाही पोरीला," मी कालिंदीला म्हणायचो.

"तिला चार येतात," कालिंदी म्हणायची. "तुम्हाला एक येते, तीसुद्धा कुणाला ऐकवत नाही."

गेल्या वर्षी सरपंच प्रेमसिंगच्या डोक्यात आलं, गावाची लेव्हल वाढवायची. प्रेमसिंग तांड्यावरचा पोरगा, शिकला, कष्टानं वर आला, माणूस वाईट नाही. पण वर येताना त्यानं आपली बोली तांड्याच्या वेशीवरच ठेवली होती. त्यानं खांबाखांबावर स्पीकर लावले आणि ग्रामपंचायतीत मशीन बसवलं. एकदा आवाज भरून ठेवला की बटण दाबलं, काम झालं. आणि आवाज कुणाचा? प्रेमसिंग माझ्या ओसरीवर येऊन म्हणाला, "काका, आपल्या गावात शुद्ध बोलणारा माणूस एकच."

मला काय, मी हरभऱ्याच्या झाडावर चढायला तयारच बसलो होतो.

त्याच आठवड्यात जाहेदाला सांगण्यात आलं की आता सांगाव्याची गरज नाही. वर्षाचं थोडंफार मानधन होतं ते गेलं, पण तिला त्याचं दुःख नव्हतं. दुकानांच्या जाहिराती, जवळ्याच्या बाजाराच्या दिवशी कपड्यांच्या सेलचा गाजावाजा, ह्यावर तिचं घर चालत होतं. ती ग्रामपंचायतीत आली आणि प्रेमसिंगच्या टेबलापुढं उभी राहून म्हणाली, "साड्या, चपला कोणी बी सांगंल सरपंच. गावाचा सांगावा माह्या अब्बाचा हाय. तो काहून काढून राहिले माझ्याकडून? काय चुकलं माझं?"

प्रेमसिंग म्हणाला, "चुकलं काही नाही. पण बाहेरची माणसं येतात गावात. ऐकायला बरं नाही वाटत."

मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो. जाहेदानं माझ्याकडं पाहिलं. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. ती निघून गेली. त्या दिवसापासून बाजाराचा दिवस सोडला, तर तिचा भोंगा घरातल्या खुंटीला टांगलेला असायचा.

फेब्रुवारीत डोळ्यांचं शिबिर आलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्याची गाडी, डॉक्टर केतकीबाई आणि चार माणसं. शुक्रवारी आणि शनिवारी शाळेत तपासणी, आणि मोतीबिंदूवाल्यांना रविवारी गाडीत घालून फुकट ऑपरेशनला न्यायचं, सोमवारी परत आणून सोडायचं. अट एकच. ऑपरेशनचे निदान साठ जण तरी मिळाले पाहिजेत, नाहीतर गाडी दुसऱ्या तालुक्याला जाणार. प्रेमसिंगनं छाती ठोकून सांगितलं, दोनशे माणूस आणतो. मी रात्रभर जागून मजकूर लिहिला आणि सकाळी मशीनमध्ये भरला: "समस्त ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की, ज्येष्ठ नागरिकांकरिता निःशुल्क नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर आयोजित करण्यात आले असून सर्व संबंधितांनी याचा लाभ घ्यावा." चार दिवस, दिवसातून तीन वेळा. मी प्रत्येक वेळी ओसरीवर येऊन ऐकायचो. 'शस्त्रक्रिया' हा शब्द काय सुंदर आला होता!

शुक्रवारी अकरा माणसं आली. त्यांतला एक जण चष्म्याची काडी बसवून मिळते का विचारायला आला होता.

दुपारी दोनला केतकीबाईंनी घड्याळ पाहिलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "सरपंच, उद्या दुपारपर्यंत बघू. नाही तर आम्ही गाडी पुढं नेतो. दुसरी गावं वाट बघताहेत." प्रेमसिंगचं तोंड एवढंसं झालं. माझंही झालंच असणार, आरसा नव्हता म्हणून बरं.

घरी आलो आणि कालिंदीवर खेकसलो. "अडाणी गाव! साधी मराठी कळत नाही ह्यांना!"

कालिंदी ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "सगळं कळतं त्यांना. टीव्ही बघतात, बँकेचे मेसेज वाचून घेतात, वीजबिलाशी भांडतात. पण तुम्ही बोलत कुणाशी होतात? खांबावरून बोललात, बोलून मोकळे झालात. पोचला का म्हणून विचारलंत कुणाला? आपली मांजरसुद्धा शेपटी वर करून निघून गेली तुमचं ऐकून."

वरच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या भिंतीला हात लावत चालतात हे मीही रोज बघत होतो. गाडी गेली असती तर त्यांच्या डोळ्यांचं काय? ह्याला कारण कोण? पायात चपला घातल्या आणि मोहल्ल्यात गेलो.

जाहेदा दारात बसून भेंडी चिरत होती. अशफाक रिक्षा पुसत होता. मी उभाच राहिलो, तिनं बसा म्हटलं नाही.

"सरपंचानं पाठवलं का स्वतःहून आले काका?"

"स्वतःहून."

"मंग बसा," म्हणाली आणि पाट सरकवला. मी सगळं सांगितलं, साठ माणसांचं, उद्याच्या दुपारचं. ती भेंडी चिरतच होती. शेवटी म्हणाली, "आता आठवण झाली व्हय? मागं माझं बोलणं ऐकायला बरं न्हाई वाटत व्हतं. तवा तुमी पेपर वाचत व्हते. उलटा धरला व्हता."

उलटा धरला होता? असेल. मी म्हणालो, "जाहेदा, चुकलं माझं. पण म्हाताऱ्यांचे डोळे तरी..."

"मी म्हाताऱ्यांसाठीच जाईन. तुमच्यासाठी न्हाई." तिनं विळी बाजूला केली. "तीन गोष्टी. तुमी बराबर चलायचं, रिक्षात माझ्या शेजारी बसायचं. अन् मी थांबले तर घाई करायची न्हाई. गल्ली बोलल्याबिगर रिक्षा हलणार न्हाई. अन् उद्या माणसं आली, तर सांगावा माझा. परत कोणी काढून घ्यायचा न्हाई. हे सरपंचाच्या तोंडावर तुमी बोलायचं."

"बोलीन," मी म्हणालो. अशफाकनं न सांगताच खुंटीवरचा भोंगा काढून आणला.

तीन वाजता निघालो. मोहल्ल्यातच पहिला थांबा. जाहेदानं माईक तोंडाशी धरला आणि हाक मारली, "अजी नानीमाँ, खालाजान, सुनो जी! कल आँखां के डाक्टर आ रैं इस्कूल में. फजर की नमाज के बाद रोटी खाको आव. अकेले नक्को आव, पोट्टे कू संगात लाव. पैसे-वैसे कुछ नक्को!" भोंगा खाली. मी बसल्या बसल्या पाय हलवायला लागलो. तिनं माझ्या पायाकडं पाहिलं, मी पाय थांबवला. मग एक खिडकी उघडली, "पोचला गे!" दुसरी उघडली, "मेरी आँख में पानी आता, वो बी देखते क्या?" जाहेदानं उत्तर दिलं. तिसरीला दिलं. एका म्हातारीला आपला बुरखा सापडत नव्हता, तो कुठं आहे हेही जाहेदानंच सांगितलं. मग एक बोट मिटलं आणि म्हणाली, "एक."

खालच्या गल्लीत तिची बोली बदलली, बाजारपेठेत आणखी बदलली. प्रत्येक ठिकाणी तेच काम, पण घरं बघून. कुणाचा लेक औंढ्याला असतो, त्याला फोन लावायला सांगितलं. कुणाची सून माहेरी गेली, त्या म्हाताऱ्याला न्यायला शेजारी लावून दिला. तांड्यावर ती गोरमाटीत बोलली. मला त्यातला 'याडी' एवढा शब्द कळला, म्हणजे आई. पहिली ओ दिली ती प्रेमसिंगच्या आईनं. मग म्हातारी रिक्षाजवळ आली आणि जाहेदाला बरंच काही बोलली. सगळा तांडा हसला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणल्या, माझ्या लेकानं खांबावर भोंगे लावले, पण आईला सांगाया घरी आला न्हाई."

सात बोटं मिटली तेव्हा साडेपाच वाजले होते. आमची गल्ली नेहमीसारखी सोडली, तर शेवटची राहिली वरची वस्ती. ह्या लोकांची सोयरीक वाशीमकडची, बोलणं वऱ्हाडी. जाहेदानं आवाज चढवला, "आवं माय, ऐका जी! उद्या डोळ्याचे डाक्टर येऊन राहिले शाळेत. धुकाट दिसत असंल, डोळ्यातून पानी गळत असंल, तं येजा. भाकर खाऊनशान येजा, येकट्यानं येऊ नोका!" वस्ती लगेच बोलली. पोचला, पोचला, पोचला. मी सुटकेचा श्वास सोडला, पण रिक्षा हलेना.

"झालं की," मी म्हणालो.

"एक दार राह्यलं," जाहेदा म्हणाली.

टोकाच्या घराचं दार अर्धं लावलेलं होतं. रुक्माबाईचं घर. एकटी म्हातारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. गावात सगळ्यात जास्त गरज असलेलं माणूस तेच. जाहेदानं पुन्हा हाक मारली. आतून भांड्याचा आवाज आला, माणसाचा नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. शेजारीण म्हणाली, ती न्हाई यायची, ती कोणत्याच दवाखान्यात जात न्हाई, परक्या माणसापुढं तोंड उघडत न्हाई. ऊन उतरलं. मला अजून शाळेत जाऊन खुर्च्या लावायच्या होत्या. माझा तोल सुटला.

"अगं काहून थांबलीस? सगळी वस्ती बोलली की! एका म्हातारीसाठी रात्र करशील का?"

तोंडातून 'का'च्या जागी 'काहून' गेलं हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. पण आतला भांड्यांचा आवाज थांबला. दाराआडून रुक्माबाई बोलली.

"थो आवाज कोनाचा हाय वं, जाहेदा?"

"राधाकाकाचा हाय, मावशी."

"वळखला म्या. चार दिस झाले, खांबावरून थोच आवाज येऊन राहिला. म्या कानात बोळे घातले. त्या आवाजाच्या शिबिराले म्या येत न्हाई."

मला काही कळेना. मी कधी हिच्याशी बोललो होतो? मग तिनंच सांगितलं, दाराआडून, अख्ख्या वस्तीसमोर. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. कागद काढायला ती माझ्या खिडकीशी आली होती. 'माह्या मानसाचा कागद पायजे जी' म्हणाली. आणि मी तिची नक्कल केली. मान वाकडी करून, तिच्यासारखा सूर काढून, 'माह्या मानसाचा, माह्या मानसाचा'. मागची रांग हसली. मग म्हणालो, आधी नीट बोलायला शिक, मग ये. ती परत फिरली. पुढं कागद पुतण्यानं आणला. ती मात्र त्यानंतर कोणत्याही खिडकीशी गेली नाही.

मला आठवलं. खरं सांगतो, इतकी वर्षं एकदाही आठवलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन कालिंदीलाही मी ती नक्कल करून दाखवली होती, आणि ती हसली नव्हती, हेही आता आठवलं. रिक्षातून उतरलो.

जाहेदानं माईक माझ्याकडं केला नाही. "भोंगा नको," एवढंच म्हणाली. "असंच बोला."

मी दाराशी गेलो. एकतीस वर्षं लोकांच्या चुका काढलेल्या माणसाला दोन वाक्यं जुळवता येईनात. "मावशी," मी म्हणालो, "मी तुमची नक्कल केली. तुमचा माणूस गेला होता आणि मी नक्कल केली. मला लाज वाटते. उद्या शाळेत नावं लिहायला मी बसणार आहे. तुम्ही या. तुम्ही जसं बोलाल तसं लिहीन, एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही. आणि मी आहे म्हणून यायचं नसेल, तर सांगा, मी उद्या घराबाहेर पडत नाही. पण डोळे दाखवा."

बोलून झालं आणि मी थांबलो. आता थांबायची पाळी माझी होती. आख्खी वस्ती बघत होती. सांगून झाल्यावर थांबणं किती अवघड असतं ते मला त्या दारात उभं राहून कळलं. माशी अंगावर बसली तरी हाकलली नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. रुक्माबाईनं दोन्ही हात चौकटीला लावले होते. माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडं पाहत ती म्हणाली, "लय येळ उभा राह्यला रे. चाय घेतो का?"

"घेतो की."

"मंग आयक," ती म्हणाली आणि रिक्षाकडं तोंड करून ओरडली, "पोचला वं, जाहेदा! पोचला!"

जाहेदानं आठवं बोट मिटलं. अशफाकनं हँडलवर हात आपटला आणि जोरात हसला. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

शनिवारी सकाळी सातला मी शाळेत गेलो तो फाटकातच अडलो. आत जायला जागा नव्हती! मोहल्ल्यातून बायका आल्या होत्या, नातवांच्या खांद्यावर हात ठेवून. खालची गल्ली आली होती. तांडा तर ट्रॅक्टर करून आला, ट्रॉलीत पुढं प्रेमसिंगची आई. जाहेदा फाटकात उभी राहून चौघांशी चार प्रकारे बोलत होती आणि रांग लावत होती. केतकीबाई बाहेर आल्या, रांगेकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, काल हे सगळे कुठं होते?"

"घरीच व्हते मॅडम," जाहेदा म्हणाली. "बोलवलं न्हवतं कोणी."

रुक्माबाई शेजारणीचा हात धरून माझ्या टेबलाशी आली. मी उभा राहिलो. नाव लिहिलं. त्रास काय, ह्या रकान्यापाशी आल्यावर तिनं जरा ओठ दाबले. मग म्हणाली, "डोयाम्होरं धुकाट दिसून राहिलं. मानूस दिसते, तोंड न्हाई दिसत." मी तसंच लिहिलं. केतकीबाईंनी कागद वाचला, रुक्माबाईचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मावशी, कधीपासून तोंड नाही दिसत?" रुक्माबाई बोलायला लागली, आणि मग तिला थांबवायचं कुणी! मागच्या रांगेनं कुरकुर केली, तर केतकीबाईंनीच त्यांना गप्प बसवलं.

दुपारपर्यंत दोनशे त्रेसष्ट माणसं तपासून झाली. ऑपरेशनला एकोणऐंशी निघाली. एका गाडीत बसेनात, केतकीबाईंनी फोन करून दुसरी मागवली. प्रेमसिंग त्या रांगेतून फिरत होता, त्याच्या आईनं त्याला दंड धरून थांबवलं आणि सगळ्यांसमोर गोरमाटीत झापलं. तो आधी मराठीत उत्तर द्यायला गेला. मग मान खाली घालून गोरमाटीत बोलला. तांडा टाळ्या पिटायला लागला.

मी तिथंच खुर्चीवर चढलो. म्हणालो, "सरपंच, माझा आवाज मशीनमधून काढून टाका. गावाचा सांगावा जाहेदाचा आहे." शब्द दिला होता, पाळला.

"तिचाच," प्रेमसिंग म्हणाला. "कोण नाही म्हणतंय?"

"तोंडी न्हाई," जाहेदा फाटकातून ओरडली. "लेखी पायजे!"

तिथल्या तिथं ठराव लिहायला घेतला. लिहिणारा अर्थात मी. जाहेदानं सांगितला, मी उतरवला: 'गावाचा सांगावा जाहेदा सांगंल, ज्या गल्लीत जशी बोली तसा सांगंल, अन् गल्ली पोचला म्हणंस्तोर थांबंल.' प्रेमसिंगनं वाकून वाचलं आणि माझ्या कानात म्हणाला, "काका, जरा शुद्ध करून घ्या की."

"न्हाई," मी म्हणालो. त्यानं सही केली. खाली अंगठे आणि सह्या मिळून पाऊणशे झाल्या. तो ठराव दप्तरात तसाच आहे, कुणीही जाऊन बघावा.

रविवारी दोन गाड्या भरून गेल्या. सोमवारी सकाळी रिक्षा पुन्हा निघाली. ऑपरेशनवाले चारला परत येणार, ज्यानं त्यानं आपलं माणूस घ्यायला यायचं, असा सांगावा होता. मोहल्ला बोलला, तांडा बोलला, वरची वस्ती बोलली. मी ओसरीवर बसून सगळं ऐकत होतो. मग रिक्षा आमच्या गल्लीत शिरली. मला वाटलं, नेहमीसारखी सरळ जाईल. ती आमच्या दारापुढं थांबली. आमच्या गल्लीतले तीन म्हातारे ऑपरेशनला गेले होते, तेव्हा सांगावा आमचाही होता. जाहेदानं सांगितला आणि भोंगा खाली केला.

समोरच्या घराचा पडदा हलला, कुणी बाहेर आलं नाही. शेजारच्या वकिलांनी खिडकी लोटून घेतली. जाहेदानं अशफाकच्या खांद्यावर हात ठेवला होता. ती आमच्या गल्लीकडं बघत होती, घाई नव्हती तिला. कालिंदीनं आतून येऊन माझ्याकडं पाहिलं.

मी उठलो, उंबऱ्यावर उभा राहिलो आणि असलेला नसलेला सगळा आवाज काढून ओरडलो, "पोचला गं, जाहेदा!"

माझ्या मागून कालिंदी ओरडली, "पोचला!" मग समोरचा पडदा सरकला आणि तिथली सून ओरडली. वकिलांची खिडकी उघडली. खोकला काढून का होईना, तेही बोलले.

जाहेदानं दोन्ही हात वर केले. आठ बोटं मिटलेली होती. तिनं नववं मिटलं आणि आमच्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अब्बाला आठच मिळाल्या व्हत्या. मला नऊ!"